पब्लिक हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स शिकवायला घेताना: जुलैआधीची तयारी

स्लाइड सगळ्यात शेवटी करा. पब्लिक हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे संगणक आणि डेटा वापरून सार्वजनिक आरोग्याचं काम करणं, हा कोर्स फसतो तो लॅबमध्ये, आणि बहुतेक वेळा सरावाची फाइल आदल्या रात्री जमवल्यामुळे. म्हणून मे महिन्यात आधी फाइल बनवायला घ्या.

त्याआधी तासांचा हिशेब. २ क्रेडिट थिअरी आणि २ प्रॅक्टिकल धरलं तर ३० तास वर्गाचे आणि ६० लॅबचे होतात. त्यातून गणपतीची सुट्टी वजा करा. लोकल बंद पडण्याचे दोन दिवसही आत्ताच वजा करा आणि त्या तारखांना नवा विषय लावू नका. वर्गात एमबीबीएस, बीडीएस, नर्सिंगवाले आणि इंजिनीअर एकत्र येतात. जोड्या तुम्हीच लावा, एक दवाखान्यातला आणि एक कोड लिहिणारा. मुलांवर सोडलं तर डॉक्टर डॉक्टरांजवळच बसतात.

आता फाइल. खऱ्या रुग्णांची यादी ‘नावं काढून’ वापरायचा मोह होईल, पण तो टाळा. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग उरलं तरी माणूस ओळखता येतो. पावसाळी तापाची ६०० ओळींची बनावट लाइन लिस्ट (एका रुग्णाला एक ओळ अशी यादी) पुरे: मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. रकाने असे ठेवा: नाव, वय, लिंग, राहण्याचा पत्ता, रुग्णालय, ताप सुरू झाल्याची तारीख, तपासणीची तारीख, निकाल आणि १४ आकडी बनावट आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर). मग तिच्यात मुद्दाम चुका पेरा. स्वच्छ फाइलवर कोणी काही शिकत नाही.

पहिली चूक तारखेची. दिवस/महिना असं लिहिलेली फाइल अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर उघडली की १ ते १२ जुलैचे रुग्ण जानेवारी ते डिसेंबर अशा प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेला जाऊन बसतात. १३ जुलैपासून पुढच्या तारखा एक्सेलला तारीखच वाटत नाहीत. त्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात आणि आलेखातून गळतात. साथ वर्षभर थोडी थोडी पसरल्यासारखी दिसते. हा आलेख वर्गात लावा आणि काही न बोलता पाच मिनिटं थांबा.

दुसरी चूक आभा क्रमांकाची. एक्सेल तो ‘९.१ ई+१३’ असा दाखवतं, आणि तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) सेव्ह केली की मागचे आकडे कायमचे जातात. तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्यायचा. देवनागरी नावांचंही तसंच. देवनागरी साठवणाऱ्या यूटीएफ-८ संकेतातली, पण सुरुवातीला त्याची खूण (बीओएम) नसलेली सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की ‘कुर्ला’चा भुगा होतो. फाइल डेटा मेनूतून आयात करायला शिकवा.

तिसरी चूक नावांची. रोमन लिपीत लक्ष्मी कोणी एक्सने लिहितं, कोणी केएसएचने. साउंडेक्सला, म्हणजे उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या पद्धतीला, ती दोन्ही एकच वाटतात. पण वाघमारे एकदा व्हीने आणि एकदा डब्ल्यूने आले की ते दोन वेगळे रुग्ण होतात, कारण साउंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतं. अशा वीस जोड्या फाइलमध्ये असू द्या.

चौथी चूक सगळ्यात महत्त्वाची, पत्त्याची. कुर्ल्याचा, म्हणजे एल वॉर्डातला रुग्ण परळच्या केईएममध्ये दाखल झाला आणि नोंद रुग्णालयाच्या पत्त्यावर पडली, तर नकाशावर परळचा एफ/दक्षिण वॉर्ड गडद होतो आणि धूरफवारणी भलत्याच गल्लीत होते. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवा. शेपफाइल (वॉर्डांच्या हद्दींची नकाशा-फाइल) आणि लोकसंख्येचा तक्ता एकाच हद्दींचा आहे ना, हे तपासा. वॉर्ड मध्येच विभागले जातात. रुग्णांचा दर काढताना भागायला हाती असलेली जनगणना २०११ ची आहे, हेही फळ्यावर लिहा.

आयएचआयपीचे (साथरोगांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलचे) एस, पी आणि एल फॉर्म एका तासात होतात: संशयित रुग्णांचा आरोग्यसेविकेकडून, निदानाचा डॉक्टरकडून, खात्रीचा लॅबकडून. एकच रुग्ण तिन्हींत असू शकतो, म्हणून तिन्हींची बेरीज करायची नसते, एवढं ठसलं तरी पुष्कळ. जिल्हापातळीच्या आकड्यांसाठी एनएफएचएस-५ ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची) मुंबई आणि मुंबई उपनगरची फॅक्टशीट छापून ठेवा. हे सर्वेक्षण देवनारच्याच आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेचं आहे.

डीएचआयएस२ या आरोग्य-आकडे गोळा करायच्या मोफत सॉफ्टवेअरचा सार्वजनिक डेमो रोज रात्री पुसला जातो, त्यामुळे मुलांचं काम सकाळी सापडत नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर स्वतःचा बसवा, आणि इन्स्टॉलेशनच्या फाइल पेन ड्राइव्हवर वाटा. चाळीस लॅपटॉप एकदम डाउनलोडला लागले की वायफाय बसतं. एफएचआयआरसाठी (आरोग्य नोंदींची देवाणघेवाण करायचं मानक) आर४ ही आवृत्तीच घ्या, एबीडीएम (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) त्यावरच चालतं. पहिला सराव रक्तशर्करेचा: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला आकडा मिलिमोल प्रति लिटरमध्ये नेताना १८ ने भागायचं, आणि एकक लिहायला विसरलेली नोंद परत पाठवायची.

कन्झ्युमरच्या, म्हणजे सामान्य माणसांसाठीच्या पत्रकं आणि ॲपच्या भागाला ‘ग्राहक’ म्हणू नका, मुलांना ग्राहक मंच आठवतो. ‘नागरिक’ चालेल. मधुमेहाचं मराठी पत्रक डिस्सर्न या आरोग्य-माहितीचा दर्जा जोखणाऱ्या प्रश्नावलीच्या १६ प्रश्नांवर तपासायला द्या. फ्लेश-किंकेड मराठीवर लावू देऊ नका, ते मजकूर किती सोपा आहे हे मोजणारं, इंग्रजीसाठी बांधलेलं सूत्र आहे. त्यापेक्षा पाच जणांना पत्रक वाचायला देऊन ‘आता घरी जाऊन काय करणार?’ असं विचारलेलं बरं. ॲपसाठी एसयूएस (वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली): १० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, विषम प्रश्नांच्या गुणांतून १ वजा, सम प्रश्नांचे गुण ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. उत्तर टक्के नव्हे. साधारण सरासरी ६८ धरतात.

खऱ्या रुग्णांशी बोलायचं असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज सत्र सुरू होण्याआधीच जायला हवा. ऑगस्टमध्ये पाठवलेल्या अर्जाचं उत्तर प्रकल्प संपल्यावर येतं. कायद्याच्या तासाला अमेरिकन पुस्तकातलं हिपाचं (तिथल्या आरोग्य-माहिती गोपनीयतेच्या कायद्याचं) प्रकरण वाचून दाखवू नका. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा ‘संवेदनशील’ वर्ग नाही, आणि १८ वर्षांखालचं कोणीही मूलच. किशोरवयीनांसाठीचं ॲप करणारे गट इथेच अडकतात.

परीक्षेसाठी तीच फाइल वेगळ्या सीडने (बनावट आकडे तयार करताना प्रोग्रामला दिलेला सुरुवातीचा आकडा) प्रत्येक जोडीला नव्याने बनवून द्या आणि कोणाला कोणता सीड दिला ते स्वतःजवळ लिहून ठेवा. एकच फाइल दिली तर पहिल्या जोडीचं उत्तर दुपारपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं.