पाथवे नंतर, आधी उंदीर : लिव्हर फायब्रोसिसच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नवे जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) आणि प्रोजेक्टवाले लॅबमध्ये आले की पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मी कुठल्या पाथवेवर काम करू?" पाथवे म्हणजे पेशीतली संदेशांची साखळी: टीजीएफ-बीटा, हिप्पो, नॉच, जे काही शेवटच्या रिव्ह्यूमध्ये वाचलेलं असतं ते. प्रश्न वाईट नाही, पण क्रम उलटा आहे. कुठला उंदीर घ्यायचा, त्याला काय खायला घालायचं आणि लिव्हरला इजा कशी करायची हे ज्या दिवशी ठरतं, त्याच दिवशी तुमच्या थिसिसचं निम्मं उत्तर ठरून जातं. पाथवे त्यात मागाहून बसतो. हे सगळे सिनियर जाणतात, पण लिहून कोणी देत नाही, म्हणून हा प्रपंच.

विषयाची तोंडओळख थोडक्यात. लिव्हरला पुन्हा पुन्हा इजा होत राहिली की तिथल्या स्टेलेट पेशी जाग्या होतात. एरवी त्या जीवनसत्त्व 'अ' साठवून गपचूप बसलेल्या असतात. जाग्या झाल्या की आपले चरबीचे थेंब गमावतात, मायोफायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) होतात आणि कोलॅजन ओतू लागतात. या तंतूंच्या साठ्याला फायब्रोसिस म्हणायचं. पॅथॉलॉजिस्ट त्याला एफ० ते एफ४ अशा पायऱ्या देतात, एफ४ म्हणजे सिरॉसिस. पूर्वी या क्षेत्रात हिपॅटायटिस आणि दारू यांचाच बोलबाला होता. आता लठ्ठपणा आणि मधुमेहातून येणारं फॅटी लिव्हर पुढे आलं आहे. २०२३ साली या आजाराचं नाव बदललं, नॅफल्डचं मॅसल्ड आणि नॅशचं (त्यातल्या दाह असलेल्या प्रकाराचं) मॅश झालं. पेपर शोधताना जुनी-नवी दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.

आता मॉडेलकडे, म्हणजे उंदरात हा आजार मुद्दाम तयार करण्याच्या पद्धतींकडे. सगळ्यात जुनं आणि स्वस्त म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, लॅबच्या भाषेत सीसीएलफोर. ऑलिव्ह किंवा मक्याच्या तेलात मिसळून आठवड्यातून दोनदा पोटात इंजेक्शन द्यायचं. चार ते सहा आठवड्यांत सुरेख फायब्रोसिस तयार. (पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये हे मिश्रण करू नका, प्लॅस्टिकच विरघळायला लागतं. काच वापरा आणि फ्यूम हूडखालीच वापरा.) इंजेक्शन थांबवलं की काही आठवड्यांत बरेच तंतू ओसरतात, त्यामुळे फायब्रोसिस मागे कसा फिरतो हे बघायलाही हे मॉडेल चांगलं.

पण त्यात एक चकवा आहे आणि आपल्याकडे त्यात भलेभले सापडतात. सीसीएलफोर स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमधलं सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्याचं मुक्त कणांत (फ्री रॅडिकल) रूपांतर करतं आणि ते कण पेशी जाळतात. म्हणून नुकसान सेंट्रल व्हेनभोवती दिसतं, जिथे हे एन्झाइम जास्त असतं. आता समजा तुम्ही एखाद्या वनस्पतीचा अर्क पहिल्या दिवसापासून सीसीएलफोरच्या जोडीने दिला आणि फायब्रोसिस कमी झाला. अर्काने फायब्रोसिस रोखला, की नुसतं ते एन्झाइम दाबलं आणि विष विष झालंच नाही? भुईआवळा, कुटकी, काळमेघ यांवरचे "यकृतसंरक्षक" पेपर काढून बघा, यातल्या कितीतरी पेपरांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. एम.फार्म.ला हे प्रयोग करून आलेल्या मुलांचे हात इंजेक्शनला तयार असतात, ही फार मोठी जमेची बाजू. फक्त डिझाइन बदला: आधी फायब्रोसिस होऊ द्या, मग औषध सुरू करा. माणूसही औषधासाठी येतो तो लिव्हर बिघडल्यावरच.

आणि सीसीएलफोरच्या उंदराला ना लठ्ठपणा ना मधुमेह. मेटाबॉलिक आजार हवा असेल तर खाद्याकडे वळावं लागतं, आणि तिथे प्रत्येक पर्याय काहीतरी हातचं राखून ठेवतो. साठ टक्के ऊर्जा चरबीतून देणारं हाय फॅट डाएट घातलं की उंदीर गुबगुबीत होतो, साखर वाढते, लिव्हर पिवळं पडतं, पण फायब्रोसिस नावापुरता. मेथिओनीन आणि कोलीन काढून टाकलेल्या खाद्यावर काही आठवड्यांत दाह आणि तंतू दोन्ही मिळतात, पण उंदीर वजन घटवत सुकत जातो आणि त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स नसतो, म्हणजे मूळ आजारच गायब. चरबी, फ्रुक्टोज आणि दोन टक्के कोलेस्टेरॉल असलेलं पाश्चात्त्य खाद्य माणसाच्या आजाराच्या बरंच जवळ जातं, पण सहा महिने किंवा त्याहून जास्त धीर धरावा लागतो. तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये सहा महिने म्हणजे काय, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

काही जण त्या सुकलेल्या उंदराला "सडपातळ भारतीय रुग्णाचं मॉडेल" म्हणून विकतात. मला ते पटत नाही. सडपातळ भारतीय म्हणजे काय ते पुण्यातल्याच कामातून कळतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपला माणूस वरून बारीक दिसतो, पण चरबी बाळगून असतो. उपाशी राहून वाळलेला उंदीर त्याच्या जागी कसा चालेल?

उंदराच्या बाबतीत आणखी बारकावे आहेत, तेही आधीच विचारून घ्या. सी५७बीएल/६ (लॅबमधल्या उंदरांचा नेहमीचा वाण) म्हटलं की पुढे 'जे' की 'एन'? 'जे'मध्ये एनएनटी नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि त्याचा ग्लुकोजवर परिणाम होतो. नर की मादी? नर लवकर लठ्ठ होतात. अॅनिमल हाऊसचं तापमान बावीस अंश असेल तर उंदीर थंडीत कुडकुडत ऊर्जा जाळत असतो, त्याला आरामाचं तापमान तीस अंशांच्या आसपास. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे त्यांच्या आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. सगळा कंट्रोल गट दोन पिंजऱ्यांत आणि औषधाचा गट दुसऱ्या दोन पिंजऱ्यांत ठेवलात, तर शेवटी तुम्ही औषध मोजताय की पिंजरा, हे सांगता येणार नाही.

पेशींवर काम करणाऱ्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. तसं नाही. बहुतेक लॅबमध्ये एलएक्स-२ ही माणसाच्या स्टेलेट पेशींची लाइन असते. वाढवायला सोपी, पण ती आधीपासूनच अर्धवट जागी असते. टीजीएफ-बीटा (या पेशींना जागं करणारं प्रथिन) घातल्यावर फरक जेमतेम दिसला तर दचकू नका. खऱ्या, शांत स्टेलेट पेशी हव्या असतील तर उंदराच्या लिव्हरमधूनच काढाव्या लागतात, आणि ते काम एकदा तरी शेजारी उभं राहून बघाच. शिरेत बारीक सुई बसवायची, आधी कॅल्शियम नसलेलं कोमट द्रावण सोडायचं. प्रवाह नीट लागला तर गडद तांबडं लिव्हर काही सेकंदांत फिकट होतं. लिव्हरचा एखादा लोब (भाग) तांबडाच राहिला तर सुई जागेवर नाही असं समजा. मग प्रोनेज आणि कोलॅजिनेज, म्हणजे पेशी सुट्या करणारी एन्झाइम. थोड्या वेळाने वरचं पातळ आवरण तसंच राहतं आणि आतलं लिव्हर खिमटासारखं होतं, चिमट्याने हलवलं की आतल्या आत सरकतं. तिथेच थांबायचं, अजून पाच मिनिटं असा मोह झाला की पेशी मेल्याच. ग्रेडियंटवर (कमी-जास्त घनतेच्या द्रावणांच्या थरांवर) फिरवल्यावर स्टेलेट पेशी स्वतःच्या आतल्या चरबीमुळे वर तरंगतात. म्हणून कोवळे उंदीर घेऊ नका. मोठ्या, वयस्क उंदरांत जीवनसत्त्व 'अ' जास्त साठलेलं असतं आणि थर स्पष्ट येतो. अतिनील प्रकाशात या पेशी निळसर चमकतात आणि बघता बघता विझतात, त्यामुळे कॅमेरा आधी तयार ठेवा.

या पेशी कडक प्लॅस्टिकवर ठेवल्या की आठवड्याभरात आपोआप जाग्या होतात. बाहेरून काहीच घालायला लागत नाही. म्हणजे तुमचा "कंट्रोल"सुद्धा रोज बदलत असतो. कितव्या दिवसाच्या पेशी, हे वहीत लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. चांगला लॉट सापडला की खरेदी विभागाच्या मागे लागून तोच जास्त मागवून ठेवा.

कोलॅजन मोजायला सिरियस रेड. पॅराफिनमध्ये (मेणात) बसवलेल्या लिव्हरच्या पातळ कापांवर पिक्रिक आम्लातला हा रंग तासभर, मग अॅसिटिक आम्ल घातलेल्या पाण्याने धुवायचं. साध्या नळाच्या पाण्याने धुतलं तर रंग उतरतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल तंतू इतके देखणे दिसतात की मोठ्या रक्तवाहिनीभोवतीचं नेहमीचं, निरोगी कोलॅजनही मोजणीत घेण्याचा मोह होतो. ते वगळायचं कसं हे आधी ठरवा, दरवेळी एकच लोब घ्या, आणि स्लाइडवरची नावं दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्या. जोडीला हायड्रॉक्सीप्रोलीन (कोलॅजनमधलं अमिनो आम्ल) मोजा. (पिक्रिक आम्लाची बाटली कोरडी पडू देऊ नका, सुकलं की ते स्फोटक असतं.) वेस्टर्न (प्रथिन मोजायला) आणि क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजायला) तुम्हाला येतच असेल. एवढंच सांगतो, फॅटी लिव्हरचं लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) फिरवल्यावर वर चरबीचा पांढरा थर येतो, पिपेटचं टोक त्याखाली न्या. आणि जीएपीडीएच हे साखरेच्या चयापचयातलंच एन्झाइम आहे, मेटाबॉलिक आजाराच्या उंदरात त्याला डोळे झाकून कंट्रोल मानू नका.

एवढा कीस का पाडायचा, ते औषधांचा इतिहास सांगतो. सिम्टुझुमॅब आणि सेलोन्सर्टिब ही दोन नावं शोधून वाचा. उंदरांमधल्या कामातून आशा वाटली होती, माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत दोन्ही पडली. उलट अमेरिकेत मॅशसाठी मंजूर झालेली पहिली दोन औषधं, मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, थेट स्टेलेट पेशीला हात लावणारी नाहीत. एक लिव्हरच्या मुख्य पेशींतलं थायरॉइड रिसेप्टर चालू करतं, दुसरं भूक, वजन आणि साखर खाली आणतं. वरचा भार उतरला की तंतू हळूहळू कमी होतात. दोन्ही एफ२-एफ३ साठी आहेत. सिरॉसिसपर्यंत पोचलेल्यांचा प्रश्न अजून मोकळाच आहे, आणि नव्या माणसाला काम तिथेच भरपूर.

शेवटी व्यवहाराचं. प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी लागते. फॉर्म बी भरताना उंदरांची संख्या कशी काढली याचं संख्याशास्त्र विचारतात. समितीची बैठक रोज होत नाही, मग खाद्य परदेशातून यायचं, मग उंदीर वाढायचे. जेआरएफची फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सिनियर फेलो) झालात की ४२,०००, वर घरभाडं भत्ता. घड्याळ मात्र रुजू झाल्यापासूनच चालू होतं. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की गाइडना तीन गोष्टी विचारा: मंजुरी आधीच हातात आहे का, आधीच्या विद्यार्थ्याचे टिश्यू ब्लॉक (मेणात जपलेले लिव्हरचे तुकडे) आणि फ्रीझरमधले नमुने वापरायला मिळतील का, आणि पॅथॉलॉजिस्ट ओळखीचा आहे का. ब्लॉक मिळत असतील तर पहिल्या महिन्यापासून सिरियस रेडला हात बसवता येतो. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.