ब्रिज : भिडूने टेकआउट डबल दिला, आता कोणती बोली?

डावीकडच्याने एक बदामने बोली उघडली, भिडूने डबल दिला, उजवीकडच्याने पास केला. आता पाळी तुमची. भिडूचं म्हणणं साधं आहे : माझ्याकडे साधारण १२ किंवा जास्त पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आहेत, बदाम तोकडे आहेत, बाकीचे तिन्ही रंग चालतील. रंग तू निवड.

नवे खेळाडू इथे हमखास अडखळतात ते पॉइंट नसताना. इस्पिक ९, ७, ४, २. बदाम ८, ५, ३. चौकट १०, ६, ४. किलवर ७, ५, २. एकही चित्र नाही, म्हणून पास करावासा वाटतो. पण पास केलात की एक बदाम डबल हाच करार ठरतो. समोरच्यांनी सातऐवजी नऊ हात केले तर त्यांना ३६० गुण मिळतात, व्हल्नरेबल (त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त) असतील तर ५६०. तेव्हा एक इस्पिक बोला, आणि नेहमीच्याच वेगाने बोला. चेहरा पाडून, उसासा टाकून बोललात तर भिडूला जी माहिती मिळते ती वापरायला नियमाने मनाई आहे.

याहून महाग पडणारी चूक मात्र सहसा लक्षातच येत नाही. इस्पिक राजा, गुलाम, ८, ४. बदाम ७, ३. चौकट एक्का, ९, ५, २. किलवर गुलाम, ८, ६. इथे चित्रांचे ९ पॉइंट, बदाम दोनच म्हणून आणखी एक, असे १० झाले. यावरही बरेच जण एक इस्पिकच बोलतात, म्हणजे शून्य पॉइंटवर जे बोलले तेच. भिडूला फरक कळणार कसा? १५ पॉइंट घेऊन तो पास करतो आणि गेम (मोठ्या बोनसचा करार) हातचा जातो. म्हणून ०–८ ला सर्वात खालची बोली, ९–११ ला एक पायरी उडी, म्हणजे इथे दोन इस्पिक. उडीसाठी चार पानं पुरतात, पाच लागत नाहीत. ही उडी फोर्सिंगही (भिडूला बोलायला भाग पाडणारी) नाही. भिडूकडे जेमतेम पॉइंट असतील तर तो पास करू शकतो.

पॉइंट मोजताना एक पथ्य पाळा. बदामाचा राजा-गुलाम तुमच्याकडे असेल आणि तुम्ही इस्पिक खेळणार असाल, तर ते चार पॉइंट पूर्ण धरू नका. बदामाचा एक्का-राणी बहुधा बोली उघडणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या मागे बसलेला असतो. शिवाय भिडूकडे बदाम तोकडेच, त्यामुळे तुमची ती चित्रं वाया जातात. तेच राजा-गुलाम इस्पिकमध्ये असते तर सोनं.

मात्र बदाम अडवणारी पानं असतील आणि इस्पिक चार नसतील, तर नोट्रम्पचा (हुकूम नसलेल्या खेळाचा) विचार करा : ८–१० ला एक नोट्रम्प, ११–१२ ला दोन, त्यावर तीन. पडत्या पत्त्यांवर पळवाट म्हणून एक नोट्रम्प बोलू नका. भिडू त्यावर भरवसा ठेवून पुढे जातो.

रंग निवडताना मेजरला (इस्पिक आणि बदाम) पहिला मान. इस्पिक चार आणि किलवर पाच असतील तरी इस्पिक बोला. दुबळ्या पत्त्यांत चार पानी रंग फक्त बदामच असेल, तर तीन पानी रंगांतला सर्वात स्वस्त रंग बोला. तीन इस्पिक असतील तर एक इस्पिक. बोलताना जिवावर येतं, पण पास त्याहून वाईट.

१२ किंवा जास्त असतील तर गेम गाठायचाच. पाच इस्पिक असतील तर थेट चार इस्पिक. कोणता रंग ते ठरत नसेल तर समोरच्यांचाच रंग बोला. एक चौकटवर डबल आला आणि तुमच्याकडे चार इस्पिक, चार बदाम, १३ पॉइंट आहेत : दोन चौकट बोला, मेजर भिडूला निवडू द्या.

मग पास कधी? त्यांच्याच रंगाची लांब आणि भक्कम पानं असतील तेव्हाच : बदाम राणी, गुलाम, १०, ९, ७ आणि बाहेर एखादा एक्का. नुसती पाच बारकी पानं पुरत नाहीत. अशा वेळी भिडूने हुकमाचीच उतारी करावी, म्हणजे उघडणाऱ्याला बारक्या हुकमाने मारून हात काढता येत नाहीत.

उजवीकडच्याने मध्येच बोली दिली तर तुमची सक्ती संपते. दुबळे पत्ते असतील तर खुशाल पास करा. ६ च्या पुढे पॉइंट आणि चांगला रंग असेल तरच बोला. त्याने रिडबल (डबलवर पुन्हा डबल) दिला तर त्याच्याकडे साधारण १० तरी असतात. तेव्हा तुमच्या पासचा अर्थ ‘विशेष पसंती नाही, तूच बोल’ की ‘इथेच खेळू दे’, हे भिडूशी खेळाआधीच ठरवून ठेवा. बहुतेक जोड्या पहिला अर्थ घेतात.