बाबा, मास्तर आणि अण्णा: आपल्या माणसाच्या आठवणी गोळा कशा करायच्या

घरी आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत टूलरूममधली पोरं मास्तर म्हणायची आणि गल्लीत, घाटावर, ब्लड बँकेत सगळीकडे ते अण्णा. ते गेले तेव्हा मला वाटायचं त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त मलाच माहितीये, मुलगी आहे ना मी त्यांची. रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पन्नाशीचे एक गृहस्थ आले, पिशवीतून कानशीने घासलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा काढला आणि म्हणाले, अप्रेंटिस असताना मास्तरांनी हा माझ्याकडून सात वेळा करून घेतला, आठव्यांदा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडात धरला आणि काही न बोलता स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. ह्या मास्तरांना मी ओळखतच नव्हते. बारा वर्षं ते रोज ज्या शेडमध्ये जायचे तिथे मी एकदाही गेले नव्हते.

तेव्हापासून वर्षभर आम्ही बहीणभाऊ आणि आई मिळून आठवणी गोळा करत होतो, पहिल्या पुण्यस्मरणाला त्याची छोटी पुस्तिका केली. त्यात काय जमलं, काय हातातून निसटलं ते लिहितेय, कारण असं घर सोडून बाहेरही दोन-तीन ठिकाणी जगलेलं माणूस बऱ्याच घरांत असतं आणि ते गेल्यावर घरातल्यांकडे फक्त एक तुकडा उरतो.

पहिल्या तेरा दिवसांत काही करायची ताकद नसते आणि करूही नका. फक्त एक दोनशे पानी वही आणि पेन दाराजवळ ठेवा आणि घरातल्या एखाद्या शांत पोराला, भाच्याला पुतण्याला, सांगा की भेटायला येणाऱ्यांचं नाव, फोन नंबर आणि बाबांना कुठून ओळखत होते एवढं लिहून घे. एवढंच. लोक त्या दिवसांत जे सांगतात ते परत कधीच तसं सांगत नाहीत, आणि आपण तेव्हा ऐकायच्या अवस्थेत नसतो. आमच्या वहीत एकशे चाळीस नावं झाली, त्यातली जवळपास शंभर माणसं आम्हाला माहीतच नव्हती. पुढचं सगळं काम त्या वहीवर झालं.

दुसरं म्हणजे मोबाईल. हे मी कळकळीने सांगतेय कारण इथे आमचं नुकसान झालंय. सिमचं रिचार्ज बंद करू नका, नंबर तीन महिने वापरात नसला तर बंद होऊ शकतो आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला मिळतो. व्हॉट्सअॅप चालू न ठेवता पडून राहिलं तर साधारण १२० दिवसांनी अकाउंट डिलीट होतं. गुगलचं खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर फोटोंसकट जाऊ शकतं. आमच्याकडे चार्जर काढून फोन कपाटात ठेवला होता, बघवत नव्हता म्हणून, आणि काढला तेव्हा व्हॉट्सअॅप गेलेलं होतं. बाबा टाइप करायचे नाहीत, सगळं व्हॉइस मेसेजवर, आणि तो आवाज आता फक्त जे मेसेज त्यांनी आम्हाला पाठवले होते त्यातच आहे. म्हणून पहिल्या महिन्यातच प्रत्येक महत्त्वाच्या चॅटमध्ये जाऊन एक्सपोर्ट चॅट करा, मीडियासकट, आणि ते दोन ठिकाणी ठेवा, एक ड्राइव्हवर एक पेनड्राइव्हवर. नातेवाइकांनाही सांगा की त्यांच्याकडचे व्हॉइस मेसेज फॉरवर्ड करा. माझ्या आत्याकडे नऊ सेकंदांचा एक निघाला, "ताई, भडंग पाठवलंय, डबा परत दे", बस एवढाच. आई तो रोज ऐकते.

कॉन्टॅक्ट लिस्ट मात्र बचावली, फोनमध्येच होती, आणि ती नक्की नीट वाचून काढा कारण माणूस नंबर कसा सेव्ह करतो त्यात तो कसा होता ते कळतं. बाबांच्या फोनमध्ये नावं कमी आणि कामं जास्त. "ओ निगेटिव्ह कुपवाड", "ओ निगेटिव्ह मिरज रात्री पण", "बोटवाले", "दत्तनगर वरचा मजला". शेवटचं काय ते आम्हाला कळेना म्हणून फोन लावला तर तिकडून एक आजोबा रडायलाच लागले. सांगलीत राहणाऱ्यांना माहितीये, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ह्या भागांत पाणी त्याच्या आधीच शिरायला लागतं. बाबा पावसाळ्यात रोज सकाळी पुलावर जाऊन पातळी बघायचे, कोयनेतून किती विसर्ग सोडलाय ते विचारायचे आणि मग ह्या लिस्टमधल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक फोन करायचे की आज सामान वर घ्या किंवा आज काळजी नाही. २००५ च्या पुरानंतर सुरू केलेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ते चार दिवस घरी आले नव्हते. आम्हाला एवढंच माहीत होतं की ते "मदतीला" गेलेत.

आता लोकांशी बोलायचं कसं. मी सुरुवातीला सगळ्यांना विचारायचे बाबा कसे होते हो, आणि सगळे एकच सांगायचे, देवमाणूस होते. खोटं नाही ते, पण त्यात माणूस दिसत नाही. मग प्रश्न बदलले. ते तुमच्यावर शेवटचे कधी चिडले होते? पहिल्यांदा भेटलात तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, तुम्ही कुठे उभे होता? त्यांनी तुम्हाला कशाला नाही म्हटलं होतं? आणि हाताखाली शिकलेल्यांसाठी माझा सगळ्यात कामाचा प्रश्न, अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही आजही त्यांच्यासारखीच करता? ह्याला प्रत्येकाकडे उत्तर असतं. एकजण म्हणाला बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतला की आधी झिरो चेक करतो, कुणी आत्ताच वापरून ठेवलेला असला तरी. दुसरा, ज्याचा आता स्वतःचा वर्कशॉप आहे, म्हणाला नवीन पोराने जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडवला तर मी त्याला सगळ्यांसमोर काही बोलत नाही, मास्तर मशीन बंद करून त्याला बाहेर चहाला न्यायचे आणि परत येताना चूक समजावून सांगायचे, मी पण तेच करतो.

कामाच्या ठिकाणच्या लोकांना घरी बोलवू नका, तुम्ही तिकडे जा. घरी आले की ते फोटोसमोर अवघडून बसतात. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा, दोघा-तिघांना एकत्र बसवा, एकाला आठवलं की दुसरा दुरुस्त करतो आणि तिथेच खरी गोष्ट बाहेर येते. रेकॉर्ड करायच्या आधी विचारा, फोन टेबलवर उलटा ठेवा म्हणजे त्यांचं लक्ष जात नाही, वीस मिनिटांच्या वर ताणू नका. घरात रेकॉर्ड करताना पंखा आणि कुकर बंद, नाहीतर नंतर काहीच ऐकू येत नाही. आणि त्याच रात्री फाइलला नाव, तारीख देऊन ठेवा, पुढच्या आठवड्यात कोण बोलतंय तेच आठवत नाही.

घरच्यांची मुलाखत सगळ्यात शेवटी घ्या आणि सगळ्यात हळू. आईने सहा महिने काही सांगितलं नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, २०१९ ला आपल्या खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, तुझे बाबा दुसऱ्यांच्या गाद्या वर चढवत होते आणि मी तुझ्या आजीला एकटीने जिन्यावरून वर नेलं. एवढी वर्षं ती बोलली नव्हती. पुस्तिकेत हे घ्यायचं की नाही ह्यावर माझं आणि भावाचं चांगलंच वाजलं, त्याचं म्हणणं आता कशाला. शेवटी आईलाच विचारलं तर ती म्हणाली लिही, पण हे पण लिही की परत आल्यावर त्यांनी तीन दिवस मला झाडू हातात घेऊ दिला नाही, सगळा चिखल त्यांनी एकट्याने काढला. माझं मत विचाराल तर घरच्यांनी जे सोसलं ते लिहायलाच हवं, मात्र ज्याने सोसलं त्याच्या परवानगीने आणि त्याच्याच शब्दांत. समाजासाठी झटणाऱ्या माणसाच्या मागे घरात कुणीतरी तो भार उचललेला असतो, तो वगळला तर आठवण अर्धीच राहते.

लिहिताना विशेषणं काढून टाका. मी आधी लिहिलं होतं, "बाबा अत्यंत प्रेमळ, कर्तव्यदक्ष आणि परोपकारी होते", हे कुणाच्याही फोटोखाली चालेल. मग ते खोडून लिहिलं, "रविवारी बाबा भडंगाला फोडणी द्यायचे आणि लसूण जास्त झाला की स्वतःच सगळं संपवायचे." पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतही हे करता येतं, दहा ओळी शोकाकुल लोकांची नावं देण्यापेक्षा एक खरी ओळ द्या. फोटो आधार कार्डावरचा मोठा करून लावू नका, त्यात कुणीच आपल्या माणसासारखं दिसत नाही. आम्हाला चांगला फोटो कंपनीच्या आयुधपूजेचा मिळाला, लेथला हार घातलाय आणि बाबा बाजूला गुलाल लागलेले.

पुस्तिका म्हणजे फार मोठं काही नाही. चोवीस पानं, पानं चारच्या पटीत ठेवा म्हणजे मध्ये पिन मारता येते, अक्षर मोठं कारण वाचणारे निम्मे साठीच्या पुढचे असतात. शेवटची दोन पानं कोरी सोडा, ती का ते पुढे येईलच.

कार्यक्रमाचं म्हणाल तर आधी दिवस ठरवा. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि तारखेने केलेलं पुण्यस्मरण त्याच्यापासून दहा-अकरा दिवस लांब पडतं, अधिक महिना आला तर अजून वेगळं, त्यामुळे घरातला विधी तिथीला आणि बाहेरच्यांसाठी जवळचा रविवार हे सगळ्यांना सोपं जातं. बोलणारे पाचच ठेवा, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि आधीच फोन करून सांगा की एकच प्रसंग सांगा. सगळ्यात धाकट्या शिकाऊ पोराला पहिलं बोलू द्या, मोठी माणसं आधी बोलली की त्याची जीभ उचलत नाही. आईला किंवा ज्यांचं दुःख सगळ्यात मोठं आहे त्यांना स्टेजवर समोर तोंड करून बसवू नका, दुसऱ्या रांगेत कडेला बसवा, म्हणजे त्यांना हवं तेव्हा उठता येतं.

त्यांचं काम पुढे चालवायचं हे बोलायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, ते शिकले त्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला बक्षीस. ५०,००० ची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३,५०० व्याज येतं, त्यात एका पोराला मापं घ्यायचा चांगला व्हर्नियर येतो, ठेव कुणाच्या नावे आणि व्याज कमी झालं तर काय हे लिहून घ्या नाहीतर चार वर्षांत बक्षीस बंद पडतं. दोन, रक्तदान शिबिर. परवाना असलेल्या ब्लड बँकेशी महिनाभर आधी बोला, वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना ९० दिवसांनी आणि बायकांना १२० दिवसांनी परत देता येतं, हे बोर्डावरच लिहा म्हणजे लोक हेलपाटा घालत नाहीत. तीन, ती फोन लिस्ट. ती तशीच कुणाला देऊन टाकायची नसते, लोकांनी नंबर बाबांना दिला होता. मी एकेकाला फोन करून विचारलं की गल्लीतल्या दोघा पोरांना दिला तर चालेल का, अडीच महिने लागले, सगळ्यांनी हो म्हटलं. आता पावसाळ्यात पातळी बघायला ती पोरं जातात.

हत्यारं शोकेसमध्ये ठेवू नका. मायक्रोमीटर वापरात राहिला तरच बरा राहतो, बाबांचा आम्ही त्या सात वेळा ठोकळा करणाऱ्या गृहस्थांना दिला. त्यांनी बदल्यात ठोकळा आमच्याकडे ठेवलाय.

आणि ती कोरी पानं. कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी एक पुस्तिका पोस्टाने परत आली, पाठवणाऱ्या बाई कुपवाडच्या, आम्ही कधी भेटलो नव्हतो. शेवटच्या पानावर पेनाने लिहिलं होतं, माझ्या मुलीच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता ओ निगेटिव्ह पाहिजे होतं, तुमचे अण्णा एका पोराला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले, पोराच्या पायात चप्पल नव्हती एवढ्या घाईत उठवलेलं, नात आता सहावीत आहे.