पाइप तापला की कुठे जाणार? हेडरच्या कामाचा माझा अनुभव

आयटीआयचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी दोन-चार मुलं आमच्या कुडाळच्या वर्कशॉपवर येतात. रेसच्या गाड्यांचे एक्झॉस्ट हेडर, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या पाइपने बाहेर नेणारी जोडणी, बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारतात. थोड्या वेळाने बोलणं पॉवर किती वाढते आणि आवाज कसा येतो यावर येतं. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. मीही तसाच आलो होतो. पण या कामाचा पहिला धडा मला रेसच्या गाडीवर मिळाला नाही, मालवणच्या बंदरात ट्रॉलरवर मिळाला.

वेल्डर ट्रेडचं एक वर्ष संपवून मी बंदरावरच्या एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो होतो. ट्रॉलरचं डिझेल इंजिन खाली, आणि धुराचा पाइप केबिनच्या मागून उभा वर गेलेला, तीनेक मीटरचा. एकदा वरचा ब्रॅकेट मी पाइपला चारही बाजूंनी पक्का वेल्ड करून टाकला. मजबूत काम झालं असं वाटलं. मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला, ग्राइंडर मागितला आणि माझा वेल्ड कापून काढला. म्हणाले, "झिला, पायप तापलो काय खंय जातलो, ता पयलां बघ." मग त्यांनी तिथे नुसती कडी बसवली, पाइप तिच्यातून वरखाली सरकेल एवढी सैल.

हिशेब मी पुढे कधीतरी मांडला. साधं लोखंड एक अंश तापलं की मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर तो जवळजवळ ११ मिलिमीटर लांब होतो. एवढी वाढ वेल्डने बांधून ठेवली तर ती कुठूनतरी तोडून बाहेर पडणारच.

हेडरचा पाइप याच्या पाव लांबीचाही नसतो. पण ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील साध्या लोखंडाच्या साधारण दीडपट वाढतं आणि तापमानही दुपटीहून जास्त चढतं. ७० सेंटिमीटरचा पाइप ६५० अंशांनी तापला की ८ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याचं एक टोक पाण्याने थंड राहणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, स्टडने आवळलेलं असतं. असे चार पाइप, चौघांची वळणं वेगळी, म्हणून चौघांचा ओढा वेगळ्या दिशेला. या आठ मिलिमीटरची सोय कुठे केली, हे मला आधी दाखवा, असं मी नव्या मुलांना सांगतो. पॉवरचं बोलणं त्यानंतर.

आता पॉवरचं. कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड स्वस्त, टिकाऊ आणि आटोपशीर असतो, पण साध्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचा धूर लगेच एका पोकळीत येतो आणि एकाचा दाब दुसऱ्याच्या तोंडावर आदळतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप मिळतो, त्याला आम्ही प्रायमरी म्हणतो, आणि सगळे पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपमधून सुटते. कलेक्टरशी जागा एकदम रुंदावते आणि तिथून उलट ओढणारी लाट परत फिरते. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना ती पोर्टवर, म्हणजे हेडमधल्या धुराच्या तोंडावर, पोहोचली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत घ्यायला मदत करते.

सगळा खेळ या वेळेचा आहे. साध्या हवेत आवाजाची लाट सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते, तापलेल्या धुरात ६००च्या वर. म्हणजे पाइपची एक लांबी एका ठरावीक आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आसपासच उत्तम काम करते. सगळीकडे वाढ देणारा हेडर कोणी विकत असेल तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या आरपीएमला?

लांबीसाठी एक जुनं सूत्र कामाला येतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याआधी किती अंश (क्रँकच्या फेरीतले) उघडतो ते बघा आणि त्यात १८० मिळवा. त्याला ८५०ने गुणा, आरपीएमने भागा, ३ वजा करा. उत्तर इंचात येतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तो ६० अंश आधी उघडत असेल आणि जोर ६५०० आरपीएमला हवा असेल, तर २४० गुणिले ८५० भागिले ६५०० वजा ३, म्हणजे २८ इंचांच्या थोडं वर, सुमारे ७२ सेंटिमीटर. हे सूत्र तुमचं बोट धरून दारापर्यंत नेतं. पुढचं डायनोवर, म्हणजे इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, ठरतं.

जाडीचाही मोह असतो. पाइप मोठा केला की धूर मोकळा जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात धुराचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. १६०० सीसीच्या साध्या इंजिनाला मी ३८ मिलिमीटरपासून सुरुवात करतो. पाइपचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं चालेल, पण लहान होऊन कड आत आलेली मुळीच चालत नाही.

चारांचे थेट एक करायचे की चारांचे दोन आणि दोनांचा एक, हा वाद तुम्ही ऐकाल. पहिला प्रकार वरच्या आरपीएमला चांगला, सर्किटवर त्याचा उपयोग होतो. दुसऱ्याने मधला जोर पसरट मिळतो. आंबोलीचा घाट ज्याने एकदा चढवला आहे त्याला मी समजावून सांगायला नको की वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला हाच मधला जोर लागतो. म्हणून ऑटोक्रॉसच्या (मैदानावर आखलेल्या वळणांच्या शर्यतीच्या) आणि हिल क्लाइंबच्या (घाट चढण्याच्या शर्यतीच्या) गाड्यांना मी बहुतेक वेळा चार-दोन-एकच देतो. यात जोड्या चुकवू नका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असेल तर एक आणि चार एकत्र, दोन आणि तीन एकत्र. शेजारी आहेत म्हणून एक आणि दोन जोडले की दोघांचे धक्के लागोपाठ येतात, आणि सगळी मेहनत पाण्यात.

चारही प्रायमरी सारख्या लांबीच्या करणं कागदावर सोपं आहे. स्टिअरिंगचा रॉड, गिअरबॉक्स आणि क्रॉसमेंबर यांच्यामधून ते पाइप फिरवताना लांबी कुठे गेली ते कळत नाही, आणि वळणाच्या मधल्या रेषेवर टेप धरता येत नाही. मी मोहरी वापरतो. टॅक केलेल्या, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरत्या जोडलेल्या, पाइपचं एक तोंड टेपने बंद करायचं, दुसऱ्या तोंडातून मोहरी ओतायची, पाइप हलकेच ठोकून ती बसवायची आणि मग मापाच्या भांड्यात काढून बघायची. पाइपची बाहेरून जाडी ३८ मिलिमीटर आणि पत्रा १.६ मिलिमीटरचा असेल, तर १० मिलिलिटरचा फरक म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. पाणी टॅकच्या फटींतून गळतं, मोहरी गळत नाही. समुद्रावरची वाळू मात्र कधीही वापरू नका, तिच्यातलं मीठ पाइपच्या आत राहतं. आईने डब्यातली मोहरी एकदाच दिली, त्यानंतर वर्कशॉपची मोहरी वेगळी येते.

वेल्डिंगबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नोकरी इथूनच मिळते. हेडरचं काम टिगचं, म्हणजे आरगॉन वायूच्या आडोशात केलेल्या वेल्डिंगचं, आहे. स्टेनलेस टिगने जोडताना बाहेरून टॉर्चचा आरगॉन असतो, पण पाइपच्या आतल्या बाजूला काहीच नसेल तर तिथलं तापलेलं धातू हवेशी लागून जळतं. बॅटरी मारून आत पाहा, काळी, फुलकोबीसारखी फुललेली खरखरीत रेघ दिसेल. तिथे धुराला अडथळा होतो आणि भेगही तिथूनच निघते. म्हणून पाइपची तोंडं अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद करून, एका बाजूने हळू आरगॉन सोडून, दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवून आतली हवा बाहेर काढायची. याला पर्जिंग म्हणतात. कोकणात हे शिकायची उत्तम जागा म्हणजे आंब्याचा पल्प काढणारे कारखाने. तिथल्या पाइपलाइनला आतून गुळगुळीत जोड लागतो, नाहीतर रस अडकून कुजतो. मी दोन हंगाम तिथे काढले आणि माझा हात तिथेच बसला. रेसिंगचं वर्कशॉप शोधत थेट पुण्याला किंवा कोइमतूरला धावण्याआधी असे दोन हंगाम करा.

आपल्याकडचा वारा हा वेगळा प्रश्न. शटर उघडं ठेवलं की खारा वारा टॉर्चचा गॅस उडवून लावतो आणि जोडात बारीक भोकं पडतात. बंद केलं तर स्टेनलेसचा धूर छातीत जातो, त्यात क्रोमियमची विषारी संयुगं असतात, आणि आरगॉन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कामाच्या टेबलाला तीन बाजूंनी आडोसा आणि वर धूर ओढणारा पंखा, हा मला जमलेला उपाय. आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर लावून पाइप पुसू नका, त्याच्या वाफेवर आर्कचा प्रकाश पडला की फॉस्जीन तयार होतो, आणि तो माणूस मारणारा वायू आहे. साधं अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क पेटवू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइपही टेबलावर आणू नका.

धातू कुठलं घ्यायचं? माइल्ड स्टील स्वस्त आहे, सरावाला उत्तम आहे, पण सततच्या पाचशे अंशांपुढे त्याची खपली निघायला लागते, आणि आपल्या हवेत एका पावसाळ्यात गंज खोल जातो. त्यावर हीट रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळला तर आणखी वाईट. ओला रॅप खारं पाणी धरून ठेवतो आणि आतल्या आत पाइप खातो. किनाऱ्यावरच्या गाडीला मी रॅप लावतच नाही, सिरॅमिक कोटिंग करून घ्यायला सांगतो. ४०९ जातीच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं. ते कमी वाढतं, कमी तडकतं, पण वरून लवकर तांबूस होतं. कंपन्या ते सर्रास वापरतात.

आमचं रोजचं धातू ३०४. त्याची अडचण समजून घ्या. साधारण ४२५ ते ८७० अंशांमध्ये ते बराच वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या कडेला बसतो, कडेचं क्रोमियम कमी होतं, आणि जोडाच्या शेजारी गंज आणि भेग यांना वाट मिळते. म्हणून निदान ३०४एल मागा, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो. ३२१मध्ये टायटॅनियम घातलेलं असतं, ते कार्बनला आधीच पकडून ठेवतं. टर्बोच्या गाडीला किंवा वारंवार तापून थंड होणाऱ्या कामाला ३२१ घ्या आणि फिलर (जोडात वितळवायची तार) ३४७चा वापरा. इन्कोनेल ६२५ हे निकेलचं मिश्रधातू याहून किती तरी जास्त उष्णता सोसतं, पण किंमत ऐकून बहुतेक बोलणी तिथेच थांबतात. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं, पण ते मागच्या पाइपसाठी ठेवा, पोर्टजवळच्या उष्णतेत ते ठिसूळ होतं. स्टेनलेससाठी तारेचा ब्रश आणि ग्राइंडरची चकती वेगळी ठेवा. लोखंडाला लावलेली चकती लागली तर महिन्याभरात त्या जागी तांबडे ठिपके उठतात.

एक चूक सांगतो, माझी स्वतःची. स्वतंत्रपणे बनवलेला पहिला हेडर ऑटोक्रॉसच्या गाडीला बसवला होता, ३०४चा, चार-दोन-एक. शेवटचे दोन जोड राहिले असताना आरगॉनचा सिलिंडर संपत आला. दुसरा कोल्हापूरहून यायला दोन दिवस लागणार होते आणि गाडी परवाच हवी होती. ते दोन जोड मी पर्ज न करता मारले. कलेक्टर हलू नये म्हणून गिअरबॉक्सला जाड ब्रॅकेटने आवळलाही. तिसऱ्या इव्हेंटला चौथ्या प्रायमरीला फ्लँजच्या (पाइप हेडला बसवणाऱ्या जाड पट्टीच्या) वेल्डशेजारी भेग गेली. गाडीवाल्या दादांनी एक शब्दही वाकडा काढला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पाइप कापून आत पाहिलं तर तीच काळी फुललेली रेघ. आणि ब्रॅकेट पाहताना बंदरावरच्या मिस्त्रींचं वाक्य आठवलं. गिअरबॉक्स एका बाजूला, हेड दुसऱ्या बाजूला, मध्ये पाइपला वाढायला जागाच ठेवलेली नव्हती. नवा हेडर मी पैसे न घेता करून दिला.

तेव्हापासून प्रायमरी कलेक्टरला वेल्ड करत नाही. पाइप कलेक्टरच्या बाहीत सरकता ठेवतो आणि बाहेरून स्प्रिंगने धरतो. किंचित धूर गळतो, पण तापला की पक्का बसतो. आधार द्यायचा तर इंजिनासोबत हलेल असाच द्यायचा. फ्लँज १० मिलिमीटर जाडीची घेतो आणि वेल्ड करताना ती भंगारातून आणलेल्या जुन्या सिलिंडर हेडला आवळून ठेवतो, पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडत नाही. नाहीतर ती केळ्यासारखी वाकते.

रस्त्यावरच्या गाडीबद्दल मी स्पष्ट बोलतो. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बहुधा इंजिनाला चिकटूनच असतो. हेडर लावायचा म्हणजे तो काढायचा, आणि ते मी करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझं काम स्पर्धेच्या गाड्यांपुरतं आहे. इंजिनिअरिंगला असाल तर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेच्या टीममध्ये शिरा, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ती स्पर्धा होते. तिथे पेट्रोल इंजिनाला २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेल्या तोंडातूनच, हवा घ्यावी लागते, आवाजाचीही मर्यादा असते, आणि हेडरची लांबी का तेवढीच घेतली याचं उत्तर परीक्षकांसमोर उभं राहून द्यावं लागतं.

नवा हेडर बसवला की आम्ही इंजिन तीनदा पूर्ण तापवतो आणि तीनदा पूर्ण थंड करतो. प्रत्येक वेळी थंड असताना स्टडचे नट पुन्हा आवळतो. मग स्प्रिंग काढून कलेक्टरच्या बाहीतून पाइप बाहेर घेतो आणि तिथली काजळी बघतो. पाइप जिथे सरकला तिथे ती पुसली जाऊन एक चकचकीत पट्टी उमटलेली असते. हाताखालच्या मुलाला मी ती व्हर्नियरने मोजायला लावतो आणि चारही पाइपची मापं वहीत लिहून घेतो. एखाद्या पाइपची पट्टी उमटलीच नसेल तर गाडी बाहेर सोडत नाही.