इपॉक्सीला सुताराचा अंदाज चालत नाही

आमच्या कुपवाडच्या गाळ्यात टेप असायची, पण आण्णांना ती क्वचितच लागायची. एक डोळा मिटून फळीकडे बघायचे आणि म्हणायचे, "दीड सूत काढ." रंधा मारून मोजलं की दीड सूतच निघालेलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मी त्या अंदाजावर वाढलो आणि इपॉक्सीच्या, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून लाकडावर कडक, चकचकीत थर ओतायच्या कामात पहिले सहा महिने त्याच अंदाजानं मला बुडवलं. सांगली-मिरजेकडची बरीच पोरं आता रेझिनचं काम शिकायचं म्हणून विचारायला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं टेबल बाभळीचं होतं, पाहुण्यातलंच काम. दिवस पावसाळी, म्हणून लवकर वाळावं या हिशोबानं मी हार्डनर जरा सढळ हातानं ओतला. फायबरग्लासच्या कामात ते खपून जातं. तिथं हार्डनर म्हणजे नुसती ठिणगी, चार थेंब जास्त पडले की माल लवकर धरतो. इपॉक्सीत तसं नाही. रेझिनला हार्डनरचा जोडीदार ठरल्या प्रमाणातच लागतो, जास्तीचा हार्डनर बिनलग्नाचा उरतो आणि थर कायमचा मऊ, चिकट ठेवतो. आठ दिवसांनी बोट टेकवलं तर बोटाचा ठसा उमटला. मग हीटगननं गरम करत, पटाशीनं खरवडत दोन दिवस गेले. मिरजेच्या सतारमेकरांचं लाखेचं पॉलिश चुकलं तर स्पिरिटनं परत विरघळवता येतं. इपॉक्सी एकदा धरलं की विरघळत नाही, वितळतही नाही.

त्यानंतर मी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "हळद विकायला बसलायस काय रं?"

काट्यावरही एक गफलत होते. डब्यावर २:१ लिहिलंय ते मापानं की वजनानं, हे आधी वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळं मापाचं २:१ वजनानं घेतलं तर हार्डनर जास्तच जाणार. मिसळताना तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला कच्चं रेझिन राहतं, ते निपटून टेबलावर ओतलं की नेमका तेवढाच ठिपका चिकट राहतो.

काट्याचा दुसरा उपयोग मला उशिरा सुचला. वखारीतून आणलेली फळी वाळली की नाही हे कळायला ओलावा मोजायचं मीटर लागतं. ते नसेल तर फळीच मोठ्या काट्यावर ठेवा आणि खडूनं तिच्यावरच वजन लिहा. दर आठ दिवसांनी पुन्हा ठेवा. वजन घटायचं थांबलं की फळी हवेशी जुळली. पण पावसाळ्यात थांबलेल्या वजनावर विसंबू नका, तेव्हा हवाच ओली असते. मीटर असेल तर १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय हात लावू नका. ओल्या लाकडावर ओतलेला थर आज छान दिसतो आणि पुढं कडेनं सुटतो.

आता बुडबुडे. एप्रिलमध्ये सकाळी दहाला मी आंब्याच्या फळीवर ओतलं. वर पत्र्याचं छप्पर. ऊन चढत गेलं तसं लाकूड तापलं, छिद्रांतली हवा फुगली आणि थरातून वर येत राहिली. दुपारी टेबल बघितलं तर साबुदाणा पसरल्यागत. आता मी संध्याकाळी, लाकूड निवायला लागल्यावर ओततो. तेव्हा आतली हवा आकसते आणि रेझिन उलट आत ओढून घेते. तरी आधी पातळ सीलर हात हवाच: थोडं मिसळलेलं रेझिन जुन्या एटीएम कार्डानं घासून छिद्रं बुजवायची. तो हात चिकट-घट्ट झाला, म्हणजे बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, की त्याच वेळी मुख्य थर ओता. ती वेळ हुकली तर पूर्ण कडक होऊ द्या, १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून मगच पुढं जा.

मुख्य थर स्वतः पसरून साधारण एक सूत, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला थांबतो. ४ बाय २ फुटाच्या टेबलाला त्या हिशोबानं सव्वादोन-अडीच लिटर माल लागतो, कडेनं ओघळणारा वेगळा. टेबल आधी लेव्हलमध्ये आहे ना बघा. मिसळलेला माल कपात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. या रसायनात उष्णता तयार होते, कपात ती कोंडते आणि मालातून धूर निघू लागतो. आमच्या उन्हाळ्यात तर डब्यावरचा ३० मिनिटांचा वेळ अर्ध्यावर येतो. ओतून पसरलेला माल मात्र थंड राहतो. हीटगन वरून झरझर फिरवायची, एका जागी धरायची नाही.

पावसाळ्यात वाळलेल्या थरावर कधी मेणचट पापुद्रा येतो. तो आधी कोमट पाण्यानं आणि स्पंजनं धुवा, मग घासा. न धुता घासलं तर पेपर भरतो आणि पुढचा थर धरत नाही.

हातमोज्यांबद्दल मी कडक आहे. सुरुवातीला मी उघड्या हातानं काम करायचो आणि हात थिनरनं पुसायचो. थिनर तोच माल कातडीत आणखी आत नेतो. वर्षभरानं बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं, मग पापण्या सुजल्या. ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, पुढं थोडा माल लागला तरी उसळते. नायट्रिलचे हातमोजे, घासताना मास्क, गाळ्याची दोन्ही शटर उघडी. यात काटकसर नको.

गिऱ्हाईकाला दर सांगताना चौरस फुटावर जाऊ नका, आधी लिटर काढा. नदी टेबलात, म्हणजे दोन फळ्यांमधली फट भरताना, मालाची जाडी दीड इंच झाली की खर्च कुठल्या कुठं जातो, आणि तिथं कोटिंगचं रेझिन चालतही नाही, सावकाश धरणारं वेगळं लागतं.

आणि दोन गोष्टी तोंडावर सांगून टाका: गरम कप थेट ठेवला तर वळ उठू शकतो, आणि उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं. वरून उन्हाला टिकणारा पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात दिला तरी वेग कमी होतो इतकंच. माझ्याकडं एक फूटभर नमुना आहे, अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दीड वर्ष खिडकीत ठेवलेला. गिऱ्हाईक टेबल पूर्वेच्या खिडकीखाली ठेवणार म्हणालं की मी पुठ्ठा काढून तो तुकडा त्याच्या हातात देतो.