ट्रकवर बसण्याआधी लायसन्सवरची टीआरची तारीख बघा

कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एनटी ही खासगी गाडीची, टीआर ही ट्रान्सपोर्टची. ट्रकला टीआरचीच तारीख चालते. ड्रायव्हर नेमका लांबची एनटी बघून निर्धास्त राहतो आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

ट्रान्सपोर्टसाठी वय किमान २० हवं आणि एलएमव्ही (हलक्या मोटार गाडीच्या) लायसन्सला वर्ष झालेलं हवं. मग सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर लर्निंगचा अर्ज करायचा. सोबत डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १ए, म्हणजे वैद्यकीय दाखला, लागतो. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी, पण सहा महिन्यांच्या आत, टेस्ट द्यायची. तेव्हा मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, जोडावा लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली, त्यामुळे त्या दाखल्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचा टेम्पो एलएमव्हीवर चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. इथे रिकाम्या गाडीचं नाही, आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे मालासकट गाडीचं एकूण मंजूर वजन, धरतात.

टीआरची मुदत ५ वर्षं, धोकादायक मालासाठी ३ वर्षं आणि त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो. पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ पासून नाही, म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही गाडी काढू नका. वर्ष उलटून गेलं तर पुन्हा टेस्ट.

कायद्यातला दंड असा आहे (कोर्टात न जाता भरायची तडजोडीची रक्कम राज्यागणिक बदलते): वैध लायसन्स नसेल तर ५,००० रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी हाती देणाऱ्या मालकालाही तेवढंच. दारू पिऊन चालवल्यास पहिल्यांदा १०,००० पर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ओव्हरलोडला २०,००० अधिक जादा प्रत्येक टनामागे २,०००. तीन टन जास्त भरले की २६,००० झाले, माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. वजनकाट्यावर न थांबता निघून गेलात तर ४०,०००.

मालकाला खरी झळ अपघातानंतर बसते. लायसन्स वैध नसेल तर विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, आणि ती लाखांत जाते. म्हणून नवा ड्रायव्हर ठेवताना झेरॉक्सवर विसंबू नका. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख घेऊन परिवहनच्या पोर्टलवर टीआरची तारीख स्वतः तपासा.