जुन्या हलक्या सायकलवरील मूळ भाग कसे ओळखावेत

जुनी हलकी सायकल हाती आली की पहिला मोह होतो तो फडके आणि पॉलिश घेऊन बसण्याचा. तो आवरावा. सायकल पहिल्यांदा जोडली गेली तेव्हा तिच्यावर कोणते भाग होते, याचा बराचसा पुरावा मळात, गंजात आणि घासल्याच्या खुणांतच असतो, आणि तो एकदा पुसला गेला की परत मिळत नाही. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी, खालून आणि प्रत्येक नटापाशी जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि मगच पान्याला हात घालावा. साधने मोजकीच लागतात: व्हर्नियर कॅलिपर, आटे मोजण्याचा गेज, भिंग, लोहचुंबक आणि पातळ तेल.

सुरुवातीलाच ‘मूळ’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केलेले बरे. एखादा भाग त्याच काळातला असणे ही एक गोष्ट, आणि तो पहिल्या दिवसापासून त्याच सायकलवर असणे ही दुसरी. विकणारे मात्र दोन्हींना सर्रास ‘ओरिजिनल’ म्हणतात. ब्रिटिश हलक्या सायकलींच्या बाबतीत हा घोळ अधिकच वाढतो, कारण हेचिन्ससारख्या कारागिराकडून फ्रेम घ्यायची आणि हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक, क्रँक (पेडलचे दांडे), सीट निरनिराळ्या कंपन्यांचे निवडून बसवून घ्यायचे, अशी तिथल्या हौशी स्वारांची रीतच होती. त्यामुळे जुना कॅटलॉग काय शक्य होते एवढेच सांगतो. काय होते ते सायकललाच विचारावे लागते.

विचारण्याची सुरुवात फ्रेमपासून करावी, कारण बाकी सर्व भागांचे वय तिच्याशी ताडून पाहायचे असते. फ्रेमचा क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस जिथे बसतो त्या नळीच्या) खाली किंवा मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस अडकतो त्या खाचेच्या पत्र्यावर) ठोकलेला असतो. रेनॉल्ड्स ५३१ हे नळ्यांचे नाव दिसले तर फ्रेम १९३५ किंवा त्यानंतरची, एवढे नक्की, कारण या नळ्या त्याच वर्षी बाजारात आल्या. पण स्टिकरवर भिस्त ठेवू नये, नक्कल केलेली स्टिकरे सहज मिळतात. स्टिकर खरे असले तरी त्यावरचा मजकूर नीट वाचावा, कारण काही फ्रेममध्ये फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असत आणि फोर्क व मागचे दांडे साध्या पोलादाचे. सीटपोस्टचा व्यास २७.२ मिलिमीटर असेल तर ब्रिटिश मापाची नळी पातळ भिंतीची असण्याची शक्यता बळावते. हा पुरावा पूरक आहे, निर्णायक नव्हे.

आटे मात्र सहसा खोटे बोलत नाहीत. ब्रिटिश बॉटम ब्रॅकेटचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात, रुंदी ६८ मिलिमीटर असते आणि उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन फ्रेममध्ये ३६ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर रुंदी आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे. फ्रेंच फ्रेममध्ये ३५ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटरचे अंतर. पेडलचेही असेच आहे. फ्रेंच पेडल १४ मिलिमीटरचे आणि ब्रिटिश नऊ-सोळांश इंचाचे, म्हणजे फरक केसाएवढा, आणि जोर लावला की क्रँकचे आटे कायमचे जातात. मागच्या ड्रॉपआउटमधील अंतर १२० मिलिमीटर भरले तर फ्रेम बहुधा पाच चाकींच्या फ्रीव्हीलसाठी (मागच्या दातेरी चाकांच्या जुडग्यासाठी) आहे, १२६ भरले तर सहा चाकींसाठी. १९५० च्या सुमाराच्या फ्रेममध्ये १२६ मिळाले तर ती पुढे कोणीतरी फाकवलेली आहे.

चाके पाहताना आधी तारा मोजाव्यात. जुन्या ब्रिटिश चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, तर युरोपच्या मुख्य भूमीवर दोन्हीकडे ३६ चा प्रघात होता. म्हणून चाळीसच्या दशकातील ब्रिटिश सायकलवर ३६–३६ ची जोडी दिसली की शंका घ्यावी. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरच्या हबचे टरफल म्हणजे तर जन्मदाखलाच. दोन फ्लँजच्या (तारा ओवायच्या कडांच्या) मधला भाग तेलाच्या बोळ्याने हलकेच पुसला की मॉडेलची अक्षरे आणि शेजारी आकडे दिसतात. ‘एडब्ल्यू ५८ ११’ म्हणजे नोव्हेंबर १९५८. हबची तारीख फ्रेमच्या आधी काही महिन्यांची असणे स्वाभाविक आहे. ती चार वर्षे नंतरची असेल तर चाक बदललेले आहे. दुर्मीळ एएससी हब सापडला तर केवळ अक्षरांवर समाधान मानू नये. हा तीन गतींचा फिक्स्ड हब आहे, म्हणून चाक फिरवले की पेडलही फिरलेच पाहिजे. ते स्वस्थ राहिले तर टरफल खरे असले तरी आतले यंत्र दुसरेच आहे, किंवा मोडलेले आहे.

कँपाग्नोलोच्या जुन्या हबवर तारीख चेकनटवर (आसावरच्या बाहेरच्या नटावर) असते: ‘कॅम ६६’ म्हणजे १९६६. पण चेकनट ही दोन मिनिटांत बदलणारी वस्तू आहे, त्यामुळे दोन्ही हबचे चारही चेकनट तपासावेत. त्याच कंपनीच्या न्युओव्हो रेकॉर्ड मागच्या डिरेलरवर (साखळी एका चाकीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रावर) ‘पेटंट’ या शब्दापुढील दोन आकडे, उदाहरणार्थ ७४, पेटंटचे वर्ष सांगत नाहीत, तर साधारणपणे तो भाग बनल्याचे वर्ष सांगतात. सिनेलीच्या हँडलवर पंख असलेला ‘सी’ दिसला तर ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीचे किंवा त्यानंतरचे. त्याआधी ढालीसारखे चिन्ह असे. विल्यम्सच्या क्रँकवर वर्षाचे सांकेतिक अक्षर असते, आणि डाव्या-उजव्या क्रँकवरची अक्षरे जुळत नसतील तर जोडी नंतर जमवलेली आहे. ब्रुक्सच्या सीटखाली मागच्या पत्र्यावर कधीकधी अक्षर आणि दोन आकडे ठोकलेले असतात. असाच एक ठसा मी तारेच्या ब्रशने घासून अर्धा घालवला आहे, तेव्हा इथे बोटच वापरावे.

ठसा नसलेल्या भागांसाठी झीज वाचावी लागते. फ्रेमच्या नळीभोवतीची डिरेलरची पट्टी सैल करून थोडी बाजूला सरकवावी: खाली ताज्या रंगाचा, पट्टीच्याच रुंदीचा पट्टा दिसला तर ती वर्षानुवर्षे तिथेच होती; पट्टा अरुंद असेल किंवा शेजारी दुसरा ओरखडा असेल, तर तिथे आधी वेगळी पट्टी होती. ब्रेक लिव्हरच्या खाली हँडलवर हेच पाहावे. मुलाम्याचा रंगही बोलका असतो. निकेलची झाक उबदार, पिवळसर असते आणि क्रोमची निळसर. क्रोमचा वापर १९३० च्या सुमारास रुळला, म्हणून १९२५ च्या म्हणवणाऱ्या सायकलवर चकचकीत क्रोम असेल तर एकतर मुलामा नवा आहे किंवा भाग नंतरचा.

ठसा, माप आणि झीज या तिन्ही खुणा जुळल्या तरच मी एखाद्या भागाला मूळ म्हणतो. दोनच जुळल्या तर ‘त्या काळातला’ म्हणून थांबतो. काढलेले विंगनट, केबलच्या पट्ट्या आणि कॉटर पिना (क्रँक आसावर घट्ट धरणाऱ्या खिट्ट्या) निर्णय होईपर्यंत चिठ्ठी लावून पुडीत ठेवाव्यात, कारण किरकोळ समजून सर्वांत आधी फेकले जातात ते हेच भाग, आणि पुढे शोधताना सर्वांत जास्त छळतात तेही हेच.